मदत पाठवायची आहे, पण कुणाला आणि कधी?

वाचकांचे प्रश्न, पोस्टातल्या काकूंची उत्तरं

मी टपाल खात्यातून निवृत्त झाले. यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या पोस्टात खिडकीवर बसायचे, म्हणून लोक अजून पोस्टातल्या काकूच म्हणतात. त्या खिडकीवरून कुणाच्या घरी काय येतं आणि काय यायला हवं असूनही येत नाही, हे दिसत राहतं. नोकरी संपल्यावर आम्ही चौघीजणी एक वही घेऊन बसलो. एक आशाताई, एक निवृत्त शिक्षिका, एक बचत गटाची आणि मी. वहीच्या एका बाजूला देऊ इच्छिणारे, दुसऱ्या बाजूला अडलेली घरं. आमची संस्था नाही आणि आमच्या हातातून पैसा जात नाही. मागच्या अंकात या वहीबद्दल चार ओळी छापून आल्या आणि पत्रं आली. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

प्रश्न : मी मूळचा दिग्रसचा, आता पुण्यात नोकरी करतो. आम्ही बारा सहकाऱ्यांनी पैसे जमवले आहेत. दिवाळीत आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पंचवीस कुटुंबांना गहू-तांदूळ, साडी आणि मुलांना दप्तर-गणवेश द्यायचा विचार आहे. गावात छोटा कार्यक्रम घेऊ, सरपंचांना बोलावू. तुमच्या वहीतली यादी पाठवाल का? (पुणे)

उत्तर : दादा, गावाकडची आठवण ठेवलीत, बरं वाटलं. यादी मात्र पाठवणार नाही. त्या घरांनी आपलं नाव आमच्यापाशी विश्वासानं सांगितलं आहे, पंचवीस जणांच्या यादीत फिरण्यासाठी नाही. पण तुमचे पैसे इथे फार उपयोगी पडतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं बोलू. दिवाळीत सगळेच देतात. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी लागलेली असते, बाईला रोज मजुरी मिळते. घर रिकामं असतं ते जून ते ऑगस्ट. पेरणीला बियाणं-खत घ्यायचं, शाळा उघडलेली, आणि निंदणाशिवाय हाताला काम नाही. पाऊस दडी मारून बसला आणि दुबार पेरणी आली, तर विचारूच नका. त्या दिवसांत आमच्या वहीच्या देणाऱ्यांच्या बाजूला एकही नवी ओळ पडत नाही. तुमचे पैसे बँकेत सात महिने थांबवा, असं मी अगदी मनापासून सांगते.

वस्तूंचं सांगायचं तर गहू-तांदूळ नको. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य आज मोफत मिळतं. ज्या घराला ते मिळत नाही, त्या घराचं कार्डच अडलेलं असतं: नाव चढलेलं नाही, केवायसी झालेली नाही किंवा सासऱ्याच्या कार्डातून वेगळं झालेलं नाही. त्याला तुमचं पोतं हे उत्तर नाही. घरात नसतं ते गोडेतेल, तुरीची डाळ, तिखट, साबण, मुलींची पॅडं. तेही पुण्याहून ट्रकात आणू नका. गावातल्याच किराणा दुकानात त्या घराच्या नावानं तीन महिन्यांचे पैसे जमा करा. बाई तिला हवं ते हवं तेव्हा नेते, आणि दुकानात उधारीसाठी मान खाली घालून उभं राहणं थांबतं. दुकानदारही गावचाच, त्याचाही गल्ला चालतो.

गणवेश आणि पाठ्यपुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत मिळतात. खरी ओढाताण नववीपासून सुरू होते. शाळा तालुक्याला, नाहीतर पाच-सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण ज्या गावाला एसटीच जात नाही तिथे पास घेऊन काय करायचं? तिथे सायकल लागते. मुलाला पासात सवलत आहे, तरी उरलेले पैसे दर महिन्याला काढावेच लागतात, आणि बाप गेलेल्या घरात ते निघत नाहीत. मग नववी-दहावीतला पोरगा फवारणीच्या रोजंदारीवर जायला लागतो. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, ते तुम्हाला आठवत असेल. त्या मुलाचा पास, वह्या आणि अकरावीची फी यांत तुमच्या दप्तरांपेक्षा पुष्कळ जास्त अर्थ आहे. आणखी एक : विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडते. पुण्याच्या तारखेनं सामान पाठवलंत तर शाळेला कुलूप असेल.

आणि कार्यक्रम? तो घेऊ नका. माझ्या ओळखीच्या एका बाईला अशाच एका कार्यक्रमात साडी मिळाली. तिनं मला नंतर सांगितलं, "काकू, माह्या मालकाचं नाव माइकवर घेतलं. कसा गेला तेही सांगतलं. पोट्टा माह्या बाजूलेच उभा होता." ती साडी तिनं नेसली नाही. दुसऱ्या दिवशी पोरगा शाळेत गेला नाही, कारण वर्गातल्या मुलांनी त्या कार्यक्रमातला फोटो पाहिला होता. सरपंचांना बोलवायचंच असेल तर त्या घराची वारस नोंद का अडली आहे हे विचारायला बोलवा.

पंचवीस घरं सोडा. बारा जण आहात, तर चार घरं घ्या आणि तीन वर्षं टिकवा. आधी आमच्यातली कुणीतरी त्या घरी जाऊन विचारून येईल की तुम्हाला अशी मदत हवी आहे का, कशासाठी आणि कशी. "नको" म्हणणारी घरंही असतात. त्यांचा नकार आम्ही तसाच वहीत लिहितो, पुन्हा दार वाजवत नाही. "हो" म्हणाली तर पैसे तुमच्या खात्यातून थेट त्या बाईच्या खात्यात, किंवा शाळेत, किंवा दुकानात. भेटायचं असेल तर वर्षभरानं, तिनं बोलावलं तर, पाहुणा म्हणून या. ती चहा करेल. तो मात्र नाकारू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीत जुने कपडे भरपूर जमले आहेत. कुठे पाठवू? (नागपूर)

उत्तर : धुतलेले, शिवण न उसवलेले, स्वतःच्या बहिणीला देता येतील असेच ठेवा, बाकीचे पाठवू नका. त्यातही साड्यांपेक्षा लहान मुलांचे स्वेटर आणि जाड चादरी द्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री शेतात ओलिताला जावं लागतं, तेव्हा चादर कामाला येते. उरलेल्या कपड्यांच्या वाहतुकीला जो खर्च करणार होता तो वाचवून दोन नव्या सोलापुरी चादरी घेतल्या तर जास्त बरं.

प्रश्न : काकू, मी २२ वर्षांचा आहे. बी.ए. झालो, भरतीची तयारी करतो. खिशात पैसे नाहीत, पण वेळ आहे, मोटारसायकल आहे आणि मोबाइल चांगला चालवता येतो. आमच्या गावात उन्हाळ्यात एका शेतकऱ्यानं जीव दिला. त्याच्या घरासाठी काही करावंसं वाटतं. माझ्यासारख्यानं काय करावं? (दारव्हा तालुका)

उत्तर : बाबू, तुझं पत्र मी आमच्या तिघींना वाचून दाखवलं. देणारे मिळतात रे. धावणारा मिळत नाही. तुझ्यासारखी दहा पोरं या जिल्ह्यात उभी राहिली तर आमच्या वहीतली निम्मी घरं कुणाच्या दानावाचून उभी राहतील, कारण त्यांना देण्यासारखं पुष्कळ आधीच सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. ते तिथून घरापर्यंत आणायला माणूस लागतो.

पहिल्यांदा त्या घरी जाशील तेव्हा फाइल काढू नको. बस, पाणी पी, म्हातारीशी बोल. पण मनात तारखा मोजत राहा, कारण कायदा आणि सुतक एकाच वेळी सुरू होतात. बाई तेरवीपर्यंत उंबऱ्याबाहेर येत नाही, पुढेही कित्येक दिवस तिला कुणी तहसिलीत पाठवत नाही. तिकडे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. माणूस सापानं, विजेनं, विहिरीत पडून किंवा फवारणीच्या विषबाधेनं गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपये आहेत, त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा. हे ३० दिवस रडण्यातच जातात. म्हणून तेरवीची वाट न पाहता भाऊ, दीर, कुणीतरी जबाबदार माणूस सोबत घे आणि मर्गचे (अकस्मात मृत्यूच्या नोंदीचे) कागद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती मागायला पोलीस ठाण्यात जा. पुढची प्रत्येक खिडकी हेच कागद मागते.

तुझ्या गावचं प्रकरण आत्महत्येचं आहे, त्याला अपघाताची योजना लागू नाही. त्यासाठी शासनाची वेगळी मदत आहे, २००६ सालच्या निर्णयाची: १ लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. मी खिडकीवर होते तेव्हा त्या ठेवींच्या बाया माझ्यासमोर उभ्या राहायच्या. मासिक प्राप्ती योजनेत ७० हजारांवर तेव्हाच्या दरानं महिन्याला पाचशेच्याही आत व्याज पडायचं, आणि त्यासाठी गावाहून बसभाडं खर्चून यायचं. रक्कम तेव्हाही पुरत नव्हती, आज तर नाहीच. तरी ती सोडू नये. प्रस्ताव तहसिलीतून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो. तिथे मुख्यतः तीन गोष्टी बघतात: जमीन त्याच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं, गावच्या सहकारी सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, आणि ते थकून वसुलीचा तगादा लागला होता का. गावातल्या दुकानदाराची, नातेवाइकाची उधारी यात धरत नाहीत. म्हणून बँकेची नोटीस, सोसायटीचं पत्र, कर्जखात्याचा उतारा, जे घरात सापडेल ते जपून ठेव. कित्येकदा ती नोटीस चुलीत गेलेली असते. मग बँकेतून प्रत मागावी लागते.

पुढचं काम लांबचं आहे. सातबाऱ्यावर वारस नोंद व्हायला हवी. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र तलाठीच). ती झाली नाही तर पीक कर्ज नाही, पीक विमा नाही, पीएम किसानचे वर्षाचे ६ हजार नाहीत. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुतते, कारण जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असते आणि दिराला वाटतं की वहिनी माहेरी जाईल तर बरं. त्या भांडणात तू पडू नको. तुझं वय, तुझं गावातलं राहणं, सगळं त्यात अडकेल. बाईला तालुका विधी सेवा समितीकडे घेऊन जा. १९८७च्या कायद्यानं कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

त्या बाईसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसिलीत द्यायचा, महिना १,५०० रुपये. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवणारा दाखला लागतो, आणि हाच दाखला मिळता मिळत नाही. तिला लाडक्या बहिणीचे १,५०० आधीपासून येत असतील तर दोन्ही एकदम मिळणार नाहीत, हे तिला आधीच समजावून सांग, नाहीतर एक बंद झाल्यावर तिला वाटेल की तू काहीतरी बिघडवलंस. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. आई आहे म्हणून मुलं अनाथ नाहीत, असं सांगून लोक परत पाठवतात. पण एक पालक गेलेल्या मुलांनाही ती १८ वर्षांपर्यंत लागू आहे, मुलामागे महिना २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो आणि बालकल्याण समिती मुलाला भेटून आदेश देते. पैसे दर महिन्याला नियमानं येतात असं नाही, साचून येतात. तेवढ्यात आमच्यासारख्यांनी एखादा देणारा शोधावा. दान मी त्या मधल्या महिन्यांसाठी मागते.

आता तुझ्या मोटारसायकलबद्दल. तू साफ मनाचा आहेस, पण विधवा बाईला एकटीला मागे बसवून तालुक्याला नेऊ नको. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी सांगते. गाव तुला दोन दिवस बोलेल, तिला जन्मभर. तिला आशाताईसोबत किंवा सासूसोबत एसटीनं येऊ दे, बायांना अर्धं तिकीट आहेच. तू गाडीनं पुढे जाऊन रांगेत उभा राहा. ती पोचेपर्यंत तुझा नंबर लागलेला असेल. तिची एक मजुरी बुडते तहसिलीच्या एका फेरीत. तू चार फेऱ्या वाचवल्यास तर चार दिवसांची मजुरी दिलीस असंच समज.

मोबाइल चालवता येतो म्हणालास, तर हेही ऐक. तिचा आधारचा ओटीपी तिच्यासमोर टाकायचा, फोटो काढलेले कागद काम झालं की तिच्यासमोर पुसायचे. प्रत्येक झेरॉक्सवर "निराधार अर्जासाठी" असं कामाचं नाव आणि तारीख तिच्या हातानं लिहून घे. अंगठा लावत असेल तर अंगठ्याशेजारी तू लिही आणि वाचून दाखव. दलाल या घरांभोवती फिरत असतात. हजार-दोन हजार घेऊन "करून देतो" म्हणतात. तू एक रुपया घेणार नाहीस हे पहिल्याच दिवशी म्हातारीसमोर मोठ्यानं सांग. आणि भरतीचा अभ्यास सोडू नको. आठवड्याचा एक दिवस दे, फक्त तो दिवस चुकवू नको. जो रोज येतो म्हणतो आणि तिसऱ्या आठवड्यात गायब होतो, त्याच्यापेक्षा दर मंगळवारी येणारा बरा.

प्रश्न : माझे पती चार वर्षांपूर्वी गेले. एक शहरातलं कुटुंब माझ्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे देतं. मुलगी आता अकरावीत, तालुक्याला वसतिगृहात असते. ते फार चांगले आहेत, पण रोज तिला फोन करतात, प्रत्येक चाचणीचे मार्क विचारतात, नव्वद टक्के का नाहीत म्हणतात. आता सुट्टीत महिनाभर आमच्याकडे राहायला पाठवा म्हणतात. मुलीला जायचं नाही. नाही कसं म्हणू? उपकार आहेत त्यांचे. (आर्णी तालुका, नाव छापू नये)

उत्तर : बाई, पोरीला जायचं नाही ना? मग ती जाणार नाही. इथेच उत्तर संपलं पाहिजे, पण तुझ्या छातीवरचं ओझं मला कळतं, म्हणून पुढे लिहिते.

त्यांनी फी दिली. पोरीचा वेळ, तिची सुट्टी, तिचा फोन, यातलं काही विकत घेतलेलं नाही. ते वाईट असतील असं मी म्हणत नाही. बहुतेक देणाऱ्यांना खरंच जीव लागतो, आणि लांबून जीव लावण्याचा दुसरा मार्ग त्यांना माहीत नसतो. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला रोज कुणाला तरी हिशेब द्यावा लागत असेल तर ती शिकते कधी? नव्वद टक्क्यांचं तर बोलूच नये. बापाशिवाय, घरातलं काम करून, मराठी शाळेतून अकरावी सायन्सला पोचलेली पोर आहे ती.

त्यांना तुझ्याच भाषेत एक पत्र लिही. पोरीला लिहायला लावू नको, तिला त्यात अवघडल्यासारखं होईल. असं लिही : "दादा, वहिनी, तुमच्यामुळे माझ्या मुलीची फी भरली जाते, ते मी विसरणार नाही. ती वसतिगृहात अभ्यासात असते, म्हणून यापुढे तिला रोज फोन करू नये. वर्षातून दोनदा, सहामाही आणि वार्षिक निकाल लागला की मी स्वतः तुम्हाला कळवीन. सुट्टीत ती माझ्याजवळ राहील. तुम्ही आमच्याकडे या, घर तुमचंच आहे." एवढंच. माफी मागू नको, कारणं देऊ नको.

यावर ते रागावून पैसे थांबवतील अशी तुला भीती आहे, ते तू लिहिलं नाहीस तरी मला दिसतं. म्हणून हे माहीत असू दे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना, म्हणजे इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि मराठा आरक्षणाच्या गटातल्या, मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहे. नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, कुठेही ती शासनाच्या प्रवेश फेरीतून गेली तर फीसाठी कुणाच्या दारात जावं लागणार नाही. राहण्या-जेवणाचा खर्च उरतो, तो मोठा आहे, पण तो एका कुटुंबावर न टाकता दोघातिघांत वाटता येतो. आम्हाला कळव, वहीत देणारे आहेत, आणि ते कधीच फोन न करणारे आहेत.

आणि एक गोष्ट अगदी मोकळेपणानं विचार तिला, तुझ्या मांडीवर डोकं असताना विचार: तुला का जायचं नाही? नुसता कंटाळा आहे की दुसरं काही? दुसरं काही असेल तर पत्र वगैरे राहू दे. लगेच १०९८ या क्रमांकावर फोन कर, मुलांसाठीचा तो आहे, पैसे पडत नाहीत. त्या घरचे सगळे उपकार त्या क्षणी संपतात.

प्रश्न : आमच्या गावात एका संस्थेनं आत्महत्या झालेल्या चार घरांना मदत केली. आता बाकीचे म्हणतात, आमच्या घरी कुणी मेलं नाही म्हणून आम्हाला काहीच नाही का? भांडणं लागली आहेत. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, लोकांना काय सांगू? (राळेगाव तालुका)

उत्तर : भाऊ, लोक चुकीचं बोलत नाहीत. मदत मिळायला घरात आधी मरण यावं लागतं, अशी समजूत गावात पसरली तर ती फार भयंकर आहे. ती पसरू देऊ नका.

तुमच्या गावात असे लोक असतील ज्यांच्या नावावर सातबारा नाही पण जे मक्त्यानं किंवा बटईनं शेती करतात. त्यातला एखादा कर्जात बुडून गेला तर सरकारी मदतीच्या कागदावर तो शेतकरी ठरत नाही, कारण जमीन दुसऱ्याची. त्याच्या बाईला काहीच मिळत नाही. शेतमजुराच्या घराचं तेच. देणाऱ्या संस्थेनं या घरांपासून सुरुवात केली असती तर मला जास्त समाधान वाटलं असतं, कारण तिथे दानाशिवाय दुसरं काही पोचतच नाही. आमच्या वहीत आम्ही मरण कसं झालं ही ओळच ठेवलेली नाही. घरात कमावता माणूस आहे का, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, शाळा सुटलेली पोरं किती, सावकाराचा किंवा मायक्रो फायनान्सचा हप्ता आठवड्याला किती, एवढंच विचारतो.

निवड कुणी करायची? एकट्या सरपंचानं नाही, आणि बाहेरच्या संस्थेनं तर नाहीच. उमेदच्या बचत गटातल्या दोघी, आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेतला एक शिक्षक यांना एकत्र बसवा. कोणाची चूल दोन दिवस पेटली नाही हे त्यांना कळतं. त्यातल्या कुणाचं स्वतःचं घर यादीत असेल तर त्या दिवशी तिनं बाहेर बसावं. निकष सगळ्या गावाला सांगा, नावं सांगू नका. भांडण तरीही होईल, पण ते निकषांवर होईल, बाईच्या दारात जाऊन होणार नाही.

आणि जिथे माणूस जिवंत आहे पण बोलेनासा झाला आहे, रात्री शेतात जाऊन बसतो, तिथे सगळ्यात आधी जायला हवं. आपल्या आणि मराठवाड्याच्या मिळून १४ जिल्ह्यांत आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प याच कामासाठी आहे. आशाताईला तुम्ही नाव सांगितलं तर ती समुपदेशकापर्यंत पोचवते. टेलि-मानसचा १४४१६ क्रमांक रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. हा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर, कृषी केंद्रात जिथे कीटकनाशकाचे डबे विकले जातात त्या काउंटरवर, आणि पानठेल्यावर लावा. पानठेल्यावर आधी लावा, पुरुष तिथे थांबतात.

प्रश्न : मी अमेरिकेत राहते, आता नागरिकत्वही तिथलंच आहे. माहेर पुसदचं. दोन मुलींचा खर्च उचलायचा आहे. थेट पैसे पाठवले तर चालतील का? आणि माझ्या नागपूरच्या भावाला कर सवलत मिळेल का? (न्यू जर्सी)

उत्तर : ताई, पासपोर्ट भारतीय असता तर आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरला गेला नसता. तुम्ही आता परदेशी नागरिक आहात, म्हणून गावातल्या कोणत्याही मंडळाला, ट्रस्टला किंवा गटाला थेट पाठवू नका. परदेशी देणगीसाठी केंद्र सरकारची वेगळी नोंदणी असलेली संस्थाच तुमचा पैसा घेऊ शकते, आणि तो तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच येतो. संस्थेकडे ती नोंदणी आज चालू आहे का ते विचारा, कागद मागा. कुणी म्हणालं, "माझ्या खात्यात टाका, मी पोचवतो," तर तिथेच थांबा.

भावानं थेट मुलीच्या आईच्या खात्यात टाकले तर कर सवलत नाही. ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिले तर आहे, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, आणि २ हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. सवलत नसली तरी त्यानं थेट दिलेलं मला आवडेल, कारण पुसद त्याला एका दिवसात जाऊन-येऊन होतं आणि तो पोरींच्या शाळेत पालकसभेला बसू शकतो. त्यानं मात्र लोकांकडून वर्गणी जमवायची ठरवलं तर आधी जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परवानगीचं विचारून घ्यावं, गणपती मंडळं घेतात तशी. आणि जमलेल्या प्रत्येक रुपयाला पावती द्यावी, पन्नास रुपये असले तरी.